पथ्य एकट्याचे, जबाबदारी सर्वांची

मधुमेहींना जीवनशैली बदलण्याचा सल्ला देणारी व्यवस्था आपण उभी केली. तो बदल करताना त्यांच्या सोबत राहणारी व्यवस्था मात्र अजून उभी राहिलेली नाही.

भारतातील मधुमेहाची मोजदाद आता बऱ्यापैकी नेमकेपणाने झाली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीत २००८ ते २०२० या काळात ३१ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील १ लाख १३ हजार प्रौढांना सामावून घेण्यात आले. तिचे एकत्रित निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. गोव्यात मधुमेहाचे प्रमाण सर्वाधिक, म्हणजे २६.४ टक्के आढळले. पुदुच्चेरी आणि केरळ त्याच्या पाठोपाठ आहेत. उत्तर प्रदेशात ते ४.८ टक्के असले तरी तेथे मधुमेहपूर्व अवस्थेतील लोकांची संख्या मधुमेहींच्या कितीतरी पट आहे. आज गोव्यात जे दिसते ते उद्या गंगेच्या खोऱ्यात दिसू लागेल, असा याचा अर्थ.

या आकड्यांची चर्चा पुष्कळ झाली. याच पाहणीतून २०२२ मध्ये पुढे आलेल्या दुसऱ्या एका आकड्याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. आपल्याला मधुमेह आहे हे ज्यांना ठाऊक आहे, अशांपैकी रक्तशर्करा, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल ही तिन्ही उद्दिष्टे गाठणाऱ्यांचे प्रमाण अवघे ७.७ टक्के होते. नुसती रक्तशर्करा आटोक्यात असणारेही सुमारे ३६ टक्केच होते. हे निदान न झालेले लोक नव्हेत. त्यांचा आजार त्यांना सांगितला गेला होता, आणि त्यांतील बहुतेकांना ‘खाणे सांभाळा, रोज चाला’ हेही कधी ना कधी सांगितले गेले असणार.

निरनिराळ्या राज्यांतील सरकारी आरोग्य केंद्रांत मी हा संवाद इतक्या वेळा ऐकला आहे की आता तो मला पाठ झाला आहे. ‘भात कमी करा. गोड बंद. रोज अर्धा तास चाला.’ समोरचा माणूस मान डोलावतो, गोळ्यांची पुडी घेतो आणि उठतो. प्राथमिक आरोग्यसेवेत डॉक्टर एका रुग्णाला किती वेळ देतात, याचा ६७ देशांतील आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. भारतासाठी तो वेळ दोन मिनिटांच्या आसपास होता. दोन मिनिटांत गोळी लिहून देता येते. चाळीस वर्षांची सवय बदलण्यासाठी मात्र ती पुरत नाहीत.

सल्ला खरा, पण कोणता?

जीवनशैलीत बदल केल्याने मधुमेह रोखता येतो, याविषयी शास्त्रीय वाद उरलेला नाही, आणि त्यातील महत्त्वाचे पुरावे भारतातलेच आहेत. चेन्नईतील डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ जणांवर केलेला ‘इंडियन डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्राम’ हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटातील ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार आणि व्यायामासाठी सातत्याने पाठपुरावा झालेल्या गटात हे प्रमाण सुमारे ३९ टक्के राहिले. मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांमध्येही ते जवळपास तेवढेच होते. सातत्याने मिळालेली सोबत गोळीइतकी गुणकारी ठरली होती.

चेन्नईतच डॉ. व्ही. मोहन यांच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनने अमेरिकेतील एमरी विद्यापीठाच्या सहकार्याने केलेल्या ‘डी-क्लिप’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. त्यात गटागटाने वर्ग घेतले गेले आणि आवश्यक तेथे औषधाची जोड दिली गेली. तीन वर्षांत मधुमेहाचा धोका सुमारे ३२ टक्क्यांनी घटला. रामचंद्रन यांच्याच २०१३ मधील आणखी एका प्रयोगात ५३७ पुरुषांपैकी निम्म्यांना मोबाइलवर नियमित लघुसंदेश पाठवले गेले. दोन वर्षांनी संदेश मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांना, तर इतरांपैकी २७ टक्क्यांना मधुमेह झाला.

हे तिन्ही अभ्यास एकत्र वाचले तर एक गोष्ट लक्षात येते. सल्ल्याचा मजकूर दोन्ही बाजूंना बहुतांशी सारखाच होता. फरक पडला तो कोणी तरी पुन्हा पुन्हा विचारपूस करण्याने. तो ‘कोणी तरी’ आहारतज्ज्ञ असेल, गटातील सोबती असेल किंवा मोबाइलवर येणारा दोन ओळींचा संदेश असेल. आपण ज्याला ‘जीवनशैलीविषयक सल्ला’ म्हणतो तो या प्रयोगांत एक दीर्घकाळ चालणारे नाते होते. सरकारी केंद्रात पोहोचेपर्यंत त्या नात्यातील माणूस गळून पडला आणि केवळ वाक्य उरले.

ज्यांना मधुमेह आधीच झाला आहे त्यांच्याबाबतही हेच खरे आहे. भारत आणि पाकिस्तानातील दहा दवाखान्यांत १,१४६ मधुमेहींवर झालेल्या ‘कार्स’ चाचणीत डॉक्टर नसलेले समन्वयक नेमले गेले. रुग्णाशी संपर्क ठेवणे, त्याच्या अडचणी ऐकणे आणि डॉक्टरांना संगणकीय सूचनांची मदत पुरवणे, अशी ही रचना होती. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, रक्तशर्करेसोबत रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉलही आटोक्यात आणणाऱ्यांचे प्रमाण नेहमीच्या उपचारांत ८.१ टक्के होते, तर समन्वयकांच्या गटात १८.२ टक्के. हे प्रमाण दुपटीहून अधिक वाढले, आणि तरीही पाचातील चार जण उद्दिष्टापासून दूरच राहिले. सोबतीची ताकद आणि तिची मर्यादा अशा दोन्ही गोष्टी या एका आकड्यात आहेत.

घर : आधार की पाळत?

सामाजिक आधार म्हटले की आपल्या मनात आधी कुटुंब येते, आणि भारतीय कुटुंब म्हणजे आधाराचे दुसरे नाव असे आपण गृहीत धरतो. मला हे गृहीतक तपासून पाहावेसे वाटते. मधुमेहाच्या बाबतीत कुटुंब तीन वेगळ्या प्रकारे वागते. एक, ते स्वतः बदलते : घरातले सगळेच कमी तेलाचे खातात, संध्याकाळी दोघे जण मिळून चालायला जातात. दोन, ते पाळत ठेवते : ‘परत साखर घेतलीस?’ असा प्रश्न चारचौघांत विचारला जातो. तीन, ते प्रेमाने मोडता घालते : ‘सणाचा दिवस आहे, एवढ्याने काय होते?’ पहिला प्रकार आधाराचा आहे. उरलेले दोन्ही मायेपोटीच होत असले तरी त्यांचा परिणाम उलटा होतो. सतत टोकले जाणारे माणूस खाणे सोडत नाही, लपवून खाऊ लागते. मग डॉक्टरांशीही खोटे बोलणे आले.

आपल्याकडे पथ्य नेहमी एका माणसाचे असते. त्याच्यासाठी वेगळी भाजी, वेगळी भाकरी. हे वेगळेपण जो सोसतो त्याची चर्चा होते, पण ते वेगळे जेवण रांधणाऱ्या बाईची होत नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरातील बिनमोल कामे करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यांत घालवतात, तर अशी कामे करणारे पुरुष ८८ मिनिटे. नवऱ्याला मधुमेह झाला तर त्याचे पथ्य हे बायकोचे आणखी एक काम होते. बायकोला झाला तर? तिच्यासाठी वेगळे शिजवणारे सहसा कोणी नसते. घरातले सगळे जेवून उरेल ते आणि उरेल तेव्हा खाण्याची रीत अनेक घरांत अजून मोडलेली नाही, आणि अशा रीतीत जेवणाच्या ठरावीक वेळा पाळणे कठीण असते.

व्यायामाचेही तेच. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात आलेल्या जागतिक अंदाजानुसार २०२२ मध्ये जवळपास निम्मे भारतीय प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. पुरुषांमध्ये हे प्रमाण ४२ टक्के, तर स्त्रियांमध्ये ५७ टक्के होते. दिवसभर राबणाऱ्या बाईला ‘चालायला जा’ असे सांगणे सोपे आहे. तिने कोणत्या वेळी जायचे, कोणत्या रस्त्याने जायचे, कोणाला विचारून जायचे आणि तेवढ्यात चूल कोणी पाहायची, या प्रश्नांची उत्तरे औषधाच्या चिठ्ठीवर नसतात. म्हणूनच ‘कुटुंबाने आधार द्यावा’ एवढे म्हणून शासनाला बाजूला होता येणार नाही. त्या वाक्याचा प्रत्यक्षातील अर्थ ‘घरातील बाईने आणखी काम करावे’ असा होतो.

केरळने काय शिकवले

घराबाहेर, शेजारीपाजारी असा आधार उभा करता येईल का? याचा सर्वांत गंभीर भारतीय प्रयोग केरळमध्ये झाला. ‘केरळ डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्राम’ या प्रयोगात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील ६० मतदान-क्षेत्रे निवडून मधुमेहाचा धोका जास्त असलेले १,००७ लोक सामील करून घेतले गेले. त्यांची निवड वय, कमरेचा घेर, हालचाल आणि घरातील मधुमेहाचा इतिहास यांवर आधारलेल्या सोप्या गुणपद्धतीने झाली. निम्म्या क्षेत्रांत माहितीपुस्तिका वाटल्या गेल्या. उरलेल्या निम्म्यांत वर्षभरात गटाच्या १५ बैठका झाल्या. त्यांतील बहुसंख्य बैठका गटातूनच निवडलेल्या, थोडे प्रशिक्षण मिळालेल्या सामान्य स्त्री-पुरुषांनी चालवल्या. पांढरा कोट घातलेले कोणी तेथे नव्हते. शेजारच्या गल्लीतल्या माणसानेच आपल्याला काय जमले आणि काय जमले नाही हे सांगायचे, अशी ही कल्पना होती.

२०१८ मध्ये दोन वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष आले. पुस्तिका मिळालेल्यांपैकी १७.१ टक्क्यांना मधुमेह झाला, गटात सहभागी झालेल्यांपैकी १४.९ टक्क्यांना. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक निर्णायक ठरला नाही. सामाजिक आधाराच्या समर्थकांना हा निकाल गैरसोयीचा वाटतो, म्हणून अनेक जण तो झटकन ओलांडून पुढे जातात. मला तो सर्वांत उपयुक्त वाटतो.

एक तर, गटांमध्ये बदल झाले नाहीत असे नव्हे. तंबाखू आणि मद्याचे सेवन घटले, फळे-भाज्यांचे प्रमाण वाढले आणि एकूण धोक्याचा गुणांक अधिक सुधारला. दुसरे, चेन्नईच्या प्रयोगांतील लोक रक्तचाचणीनेच मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचे ठरले होते. केरळात निवड साध्या गुणपद्धतीने झाल्याने त्यांतील अनेकांची रक्तशर्करा सुरुवातीला सामान्य होती, त्यामुळे दोन वर्षांत फरक दिसण्यास वाव कमी होता. तिसरे, आणि धोरणाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे : शेजाऱ्यांची सोबत ही स्वस्त जादू नव्हे. वर्षभर बैठका घेतल्या म्हणून आजार मागे हटत नाही. सोबत दीर्घकाळ टिकावी लागते, तिच्यामागे वैद्यकीय सेवा उभी असावी लागते आणि अधिक धोका असलेल्यांपर्यंत ती आधी पोहोचावी लागते. ‘लोकसहभाग’ हा शब्द खर्च वाचवण्यासाठी वापरणाऱ्या प्रत्येक खात्याने हा निकाल भिंतीवर लावावा.

माणसांची सोबत जागेशिवायही टिकत नाही. चेन्नईतील एशियाड कॉलनीत डॉ. मोहन यांच्या संस्थेने केलेल्या पाहणीनंतर आणि जागृतीनंतर रहिवाशांनी स्वतः पैसे उभारून एक उद्यान बांधले. आठवड्यातून तीनपेक्षा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांचे प्रमाण आधी १४ टक्क्यांच्या आसपास होते. काही वर्षांनी ते ५९ टक्क्यांच्या घरात गेले. ही वस्ती मध्यमवर्गीय होती आणि तिच्याजवळ पैसा होता, हे विसरता येणार नाही. ज्यांच्याकडे तो नाही त्यांचे उद्यान कोणी बांधायचे, हा प्रश्न नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाचा आहे. आरोग्य खात्याच्या फाइलीत तो कधी येतच नाही.

आशाताईंच्या खांद्यावर आणखी एक ओझे

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. असंसर्गजन्य आजारांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. तिशीपुढील प्रत्येकाची चाचणी करण्याचे धोरण आहे. २०२५ अखेर साडेसात कोटी मधुमेही व उच्चरक्तदाबाच्या रुग्णांना प्रमाणित उपचारांखाली आणण्याचे उद्दिष्ट मे २०२३ मध्ये जाहीर झाले. कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचनांत रुग्णांच्या आधारगटांचाही उल्लेख आहे. परंतु उल्लेख असणे वेगळे आणि त्यासाठी तरतूद असणे वेगळे. चाचण्या किती झाल्या, रुग्ण किती नोंदले गेले, हे रकान्यांत भरता येते. किती जणांना सहा महिन्यांनी कोणी विचारायला गेले, यासाठी रकानाच नाही. ज्याची मोजणी होत नाही त्यासाठी पैसे मिळत नाहीत, हा आपल्या प्रशासनाचा अलिखित नियम आहे.

तमिळनाडूने याहून एक पाऊल पुढे टाकले. ऑगस्ट २०२१ मध्ये कृष्णगिरी जिल्ह्यातून ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम्’, म्हणजे लोकांच्या दारी वैद्यकसेवा, ही योजना सुरू झाली. बचत गटांतील स्त्रिया आरोग्य-स्वयंसेविका म्हणून घरोघर जातात, रक्तदाब व साखर तपासतात आणि गोळ्या पोहोचवतात. दर महिन्याला दारात येणारी ओळखीची बाई ही कोणत्याही पत्रकाहून मोठी गोष्ट आहे. गोळी पोहोचवण्यासाठी उभे केलेले हे जाळे उद्या चालण्याच्या गटांसाठी आणि स्वयंपाकाच्या वर्गांसाठीही वापरता येईल.

येथेही प्रश्न तोच आहे : हे काम करणाऱ्या बाईला काय मिळते? देशात सुमारे दहा लाख आशा सेविका आहेत. माता-बालसंगोपनासाठी २००५ मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेवर क्षयरोग आला, कोविड आला, आता तिशीपुढील प्रत्येकाचा धोका-तपासणी अर्ज भरण्याचे कामही आले. त्या आजही ‘स्वयंसेविका’च आहेत, त्यांना वेतन नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो. सामुदायिक आरोग्याचा आदर्श मानल्या जाणाऱ्या केरळात २०२५ च्या फेब्रुवारीपासून आशा सेविका मानधनवाढीसाठी सचिवालयासमोर महिनोन्‌महिने बसून होत्या. ज्यांच्या सोबतीवर कोट्यवधी मधुमेहींचे आयुष्य अवलंबून राहणार, त्यांच्याच सोबतीला शासन नसेल तर ही इमारत पायातच कच्ची आहे.

ताटातले राज्य

आहार बदलण्याचा उपदेश अलीकडे वरिष्ठ पातळीवरून होऊ लागला आहे. पंतप्रधानांनी २०२५ च्या फेब्रुवारीत ‘मन की बात’मधून तेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी मे महिन्यात सीबीएसईने शाळांत ‘शुगर बोर्ड’ लावण्यास सांगितले. या गोष्टी स्वागतार्ह आहेत. पण ‘इंडियाब’च्या आहारविषयक निष्कर्षांनुसार भारतीयांना मिळणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते आणि त्यात पांढरा तांदूळ, दळलेले धान्य व साखर यांचा मोठा वाटा आहे. शासन सुमारे ८० कोटी लोकांना महिन्याला माणशी पाच किलो धान्य मोफत देते. ते मुख्यतः तांदूळ आणि गहू असते. भुकेविरुद्धच्या लढाईत या धान्याचे मोल कोणी नाकारू नये. मात्र एका खात्याने तांदळाची गोणी द्यायची आणि दुसऱ्याने ‘भात कमी करा’ म्हणायचे, या विसंगतीचा भार शेवटी गरीब मधुमेह्याच्या ताटावर येऊन पडतो. डाळ परवडत नसेल तर भात कमी करणे म्हणजे उपाशी राहणे होय. रास्त भाव दुकानात डाळी आणि भरड धान्ये नियमाने मिळणे, हाही सामाजिक आधारच आहे.

यावर एक आक्षेप मला अपेक्षित आहे. वजन आणि साखर दोन्ही उतरवणारी नवी इंजेक्शने २०२५ पासून भारतीय बाजारात आली आहेत, त्यांच्या किमती उतरतील. मग हा सारा खटाटोप कशाला? ही औषधे प्रभावी आहेत आणि ज्यांना गरज आहे त्यांना ती मिळायला हवीत. परंतु चोवीस कोटी लोकांना आयुष्यभर इंजेक्शन पुरवणे कोणत्याही अंदाजपत्रकाला झेपणारे नाही. शिवाय गोळीही नियमित घेण्यासाठी कोणी तरी विचारणारे लागते, हे ७.७ टक्क्यांचा आकडा सांगतोच.

काय करता येईल

माझ्या मते चार गोष्टी आज, आहे त्या यंत्रणेतच शक्य आहेत. पहिली, प्रत्येक आयुष्मान आरोग्य मंदिरात मधुमेही व मधुमेहपूर्व अवस्थेतील लोकांचा महिन्यातून दोनदा भरणारा गट असावा, आणि तो चालवणाऱ्या व्यक्तीला निश्चित वेतन मिळावे. दुसरी, कार्यक्रमाच्या यशाची मोजणी चाचण्यांच्या संख्येवर न थांबता, वर्षभर संपर्कात राहिलेल्या आणि साखर आटोक्यात आलेल्या रुग्णांवर व्हावी. तिसरी, बैठकांची वेळ आणि जागा स्त्रियांनी ठरवावी, आणि घरातील पुरुषांना स्वयंपाकाच्या वर्गात बोलावले जावे. पथ्याचे शिक्षण जो शिजवत नाही त्यालाही मिळायला हवे. चौथी, शिधा, उद्याने आणि पदपथ यांविषयीचे निर्णय होताना जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला त्या टेबलावर जागा असावी.

यांतील कोणतीही गोष्ट नवलाची नाही, आणि कोणतीही फुकट नाही. तरीही तिचा हिशेब आजच्या खर्चाशी मांडून पाहावा : डायलिसिसची केंद्रे, कापावे लागणारे पाय, गमावलेली दृष्टी, आणि कमावत्या माणसाच्या आजारपणात विकली जाणारी जमीन. तो खर्च आपण आजही करतोच आहोत; फक्त त्यातला बराचसा भाग कुटुंबे आपल्या खिशातून भरतात, म्हणून तो शासनाच्या वहीत दिसत नाही.

सोबतीविना दिलेला सल्ला काही काळाने आरोप होऊन बसतो. साखर वाढली की ‘तुम्ही पथ्य पाळले नाही’ असे रुग्णाला ऐकवले जाते, आणि व्यवस्थेची जबाबदारी तेथेच संपते. दहा कोटी लोकांना असे दोषी ठरवत राहणे कोणत्याही आरोग्यधोरणाला शोभणारे नाही. येत्या अंदाजपत्रकात असंसर्गजन्य आजारांच्या तरतुदी वाचताना यंत्रांवर आणि गोळ्यांवर किती खर्च झाला हे जरूर पाहावे. पण त्यासोबत माणसांवर किती झाला, हा प्रश्न आपापल्या लोकप्रतिनिधींना विचारायला विसरू नये.